जासुदाची टाच

फार जुन्या काळी, भक्कम तटबंदीच्या एका शहरात निरोप घेऊन गावोगाव धावणारा एक जासूद राहत असे. ऊन असो, काटे असोत, त्याच्या तोंडून कधी हूं की चूं निघत नसे, आणि त्याचा त्याला मोठा अभिमान होता.

एकदा डोंगरापलीकडच्या गावांत तापाची साथ पसरली. औषधं घेऊन चाळीस माणसांनी घाट ओलांडायचा होता. वाट खडकाळ आणि आठ दिवसांची. राजाने त्यांच्यासाठी नवे जोडे करायला सांगितले. म्हाताऱ्या मोच्याने आधी एकच जोडी शिवली आणि त्या चाळिसांच्या म्होरक्याला, म्हणजे जासुदाला, बोलावलं.

"हे घालून तटाच्या कडेकडेने साऱ्या शहराला फेरी मार. पाठीवर औषधांएवढं ओझं घे. संध्याकाळी येऊन सांग, जोडे कसे आहेत. मग बाकीचे शिवायला घेतो."

सकाळीच जासूद निघाला. कुंभारवाडा मागे पडला, धान्यबाजार मागे पडला. लोक कौतुकाने त्याच्या पायांकडे बघत होते. पण तिसऱ्या वेशीपाशी उजवी टाच चुरचुरू लागली. आतली शिवण घासत होती. त्याने तिथे कापसाचा बोळा कोंबला. दुपारपर्यंत तो रक्ताने भिजला. तरी गडी ना थांबला, ना लंगडला.

संध्याकाळी मोच्याच्या दुकानापुढे ही गर्दी जमली.

"काय गड्या, कसे आहेत जोडे?"

जासुदाने गर्दीकडे पाहिलं. मग छाती काढून म्हणाला, "लोण्यासारखे मऊ, मामा! आणखी एक फेरी मारू का?"

लोक वाहवा करू लागले. मोच्याने लगेच रापी उचलली आणि चामडं कापायला घेतलं.

घरी बायकोने पाय धुवायला पाणी दिलं, तर ते लाल झालं.

"अगंबाई! आणि मोचीमामांना काय सांगून आलात?"

"मऊ आहेत म्हणून."

"तुम्ही सोसाल हो. पण घाटात बाकीच्यांचे पाय फुटले, तर औषध कोण पोचवणार?"

जासुदाने हातातला घास ताटात ठेवला. तो ताटावरून उठला आणि अनवाणीच दुकानाकडे गेला. तोवर सहा जोड्यांचं चामडं कापून झालं होतं.

"मामा, मी खोटं बोललो. टाचेची शिवण लागते." त्याने पाय पुढे केला.

मोच्याने टाच निरखली. "इथे जोड नकोच. अखंड तुकडा हवा," तो पुटपुटला. मग कापलेल्या चामड्याकडे बघून म्हणाला, "तू किती सोसतोस, हे मी विचारलं नव्हतं रे. जोडे कसे आहेत, एवढंच विचारलं होतं."

ते चामडं वाया गेलं. निघायला दोन दिवस उशीर झाला आणि राजाचे बोल जासुदाला ऐकावे लागले. त्याच्या टाचेची जखम भरली नव्हती, म्हणून त्याच्या जागी दुसराच गेला. पण चाळीसच्या चाळीस माणसं औषधांसह पलीकडे पोचली, आणि त्यांतला एकही लंगडत नव्हता.

तात्पर्य: आपण किती सोसतो ते मिरवण्यापेक्षा, कुठे बोचतं ते वेळेवर सांगावं, त्याने मागून येणाऱ्यांचे पाय वाचतात.