वैशाखात लावलेले करंज

विद्यापीठाच्या माळावर करंजांची एक लांब रांग आहे. झाडं सगळेच आषाढात लावतात. ही मात्र ऐन वैशाखात लावलेली. पाहुण्यांना याचं नवल वाटतं. मग खानावळीच्या तुळसाबाई त्यांना सावलीत बसवून सांगतात.

विद्यापीठ नवं होतं, माळ उघडा होता. पहिल्या तुकडीची परीक्षा वैशाखात संपली. आषाढात आपण इथं कुठं असणार, म्हणून मुलांनी जायच्या दिवशी सकाळीच आठवणीचं रोप लावलं. पाण्याचा विचार कुणी केला नाही. एसटी आली तोवर रोपानं मान टाकली होती. ते पाहून कलिंदा वाघचौरे नावाची मुलगी गाडीच्या पायरीवरून खाली उतरली.

"कलिंदे, झाडाशी लग्न लावतेस काय गं?" दत्तूनं खिडकीतून विचारलं. सगळी गाडी हसली.

"तुम्ही व्हा पुढं. पण आठवड्यानं कुणीतरी या, म्हणजे मी सुटेन."

"येतो की. पाळी लावून येतो."

कुणी आलं नाही, असं सांगतात. वसतिगृहाला कुलूप लागलं. ती व्हरांड्यात राहिली. विहीर तळाला गेलेली. पहाटे कशीबशी एक कळशी भरे, निम्मी रोपाला, निम्मी तिला. दुपारी एसटीचा धुरळा दिसला की ती उठून उभी राही. गाडी न थांबता निघून जाई. नगरच्या शाळेत तिला नोकरी लागली होती. हजर व्हायच्या दिवशी तिनं ट्रंक रस्त्यापर्यंत नेली, म्हणे. एकदा मागं वळून पाहिलं आणि ट्रंक परत आणली. नोकरी गेली. सुरुवातीला ती रोपाशी बोलायची. पुढं पुढं तेही सरलं.

पाऊस आला, तशी नवी तुकडी आली. "ताई, तुम्ही इथल्याच का?" एका मुलीनं विचारलं. कलिंदाच्या तोंडून शब्द फुटेना. तिनं कळशी त्या मुलीच्या हाती दिली आणि आलेल्याच गाडीनं ती गेली. रोपाला पालवी आली होती. ती मात्र पुन्हा इकडं फिरकली नाही.

आता माळावर नळ आहे, पाण्याला तोटा नाही. तरी आजही रोप वैशाखातच लावतात, आणि तुकडीतलं एक जण मागं राहतं. दर रविवारी दुपारची एसटी वळणावर थांबते. सोबत्यांपैकी कुणीतरी डबा घेऊन उतरतं. आधी उतरणाऱ्यानंच बोलायचं, असा रिवाज आहे.