बोल्टांचा शनिवार

मिठागरावर दुपार अशी पेंगुळली होती, की मिठाचे ढीगही ढगांसारखे हलके वाटावेत. बुधाजी ड्रायव्हर मात्र जुन्या ट्रकखाली आडवा होऊन चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट चाचपत होता. खाऱ्या वाऱ्यानं ते पार खाल्ले होते; बोटांना गंजाचे पापुद्रे लागत होते. उद्या भरली गाडी घेऊन घाट उतरायचा होता.

बाहेर येऊन तो म्हणाला, "मालक, घाटात एक जरी तुटला तर चाक जागचं सरकेल, अन् मी दरीत. बोल्ट बदलू या."

आप्पासाहेब छत्रीखालून गुरगुरले, "वडिलांच्या वेळचे आहेत ते. आजवर तुटले नाहीत, ते उद्याच बरे तुटतील? त्यापेक्षा पुढं बघ, लिंबू सुकून खडखडीत झालंय. आज शनिवार ना? नवं बांध."

"पण मालक, अजून दोऱ्याला धरून आहे की. पडलंय कुठं?"

"पडायची वाट बघतोस होय रे? सुकलेलं लिंबू काय गाडी राखणार?"

"खरंय," म्हणत बुधाजीनं गंजाचे पापुद्रे अलगद त्यांच्या तळव्यावर ठेवले. "हेही गाडीच राखतात, मालक. ह्यांचा शनिवार कधी उजाडायचा?"

वाऱ्यानं पापुद्रे हळूहळू उडून गेले.

"आजच," आप्पासाहेब म्हणाले. "मिस्त्रीला बोलाव, जुने कापून काढू दे."