ॲव्हरेजचा चोर

कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर त्या दिवशी जे झालं ना, सगळ्यांचे डोळेच पांढरे! भोईटे शेठनं आपल्या ट्रकांमध्ये महागडं सिंथेटिक ऑइल भरलं होतं. ऑइल विकणारा एजंट म्हणालेला, डिझेल बक्कळ वाचेल. पण पहिला हिशेब निघाला ड्रायव्हर दिलावरच्या ट्रकचा, आणि ॲव्हरेज वाढलेलं अगदी केसभर.

शेठ सगळ्यांसमोर कडाडला, "वाचलेलं डिझेल ढाब्यावर विकलंस ना, चोरा? चावी ठेव आणि निघ!"

दिलावरला धक्काच बसला. इतकी वर्षं इमानानं गाडी चालवून हे ऐकायचं? त्यानं चावी पुढे केली आणि मध्येच थबकला.

"शेठ, तुमच्या जीपमध्येपण हेच ऑइल ना?"

"मग! सगळ्यात भारीतलं!"

"ॲव्हरेज किती वाढलं?"

"कुठं काय! होतं तेवढंच."

"आणि जीप चालवतं कोण?"

"मीच! दुसऱ्या कुणाला हात लावू देतो का मी?"

"मग शेठ," दिलावर हळूच म्हणाला, "तुम्ही कुठल्या ढाब्यावर विकता?"

शेठ एकदम वळून ओरडला, "अरे, त्या ऑइलवाल्या एजंटला फोन लावा रे!"

चावी दिलावरच्याच हातात राहिली.