उतारावरचे दगड

थंड डोंगराळ मुलखात एकदा एक वृद्ध बागायतदार राहत होता. एका उभ्या उतारावर त्याची काळ्या द्राक्षांची बाग होती. त्या एकाच बागेच्या द्राक्षांपासून तो लाल वाइन करी. शेजारच्या बागेतला एक घडही तिच्यात पडू देत नसे. वाइनचे पिंप विकायला काढले की, ज्याने बाग राखली त्याने पिंपावर खडूने उताराचे नाव, वर्ष आणि त्याखाली स्वतःचे नाव लिहायचे, अशी तिकडची रीत होती.

वृद्धाला मूलबाळ नव्हते. एक शिष्या मात्र बरीच वर्षे त्याच्या हाताखाली शिकत होती. एका वसंतात त्याचे गुडघे धरले, तेव्हा तो तिला म्हणाला, "मी खोऱ्यात बहिणीकडे जाऊन राहतो. तोडणीला येईन. यंदा बाग तू सांभाळ. वाइन कशी होते ते पाहू, मग उतार तुझ्या हाती द्यायचा की नाही ते ठरवू."

शिष्येने जीव ओतून काम केले. वेलींच्या बुडाशी करड्या दगडांचा खच पडलेला असे. त्यात कुदळ अडे, पाय मुरगळे. आजवर हे कोणी वेचले कसे नाहीत, याचे तिला नवल वाटले. टोपल्या भरभरून तिने सगळे दगड काढले आणि बांधाला रचले. बाग अंगणासारखी स्वच्छ झाली.

तोडणीच्या तोंडावर वृद्ध परतला. त्याने बांधाकडे पाहिले, एक द्राक्ष तोंडात टाकले आणि नुसते "हं" म्हटले. त्या वर्षी घड नीट पिकलेच नाहीत.

पुढच्या वसंतात नेहमीचा व्यापारी वाइन घ्यायला तळघरात आला. त्याने प्याला उजेडाकडे धरला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडे केले.

"म्हातारबुवा, ही वाइन आहे की जांभळं धुतलेलं पाणी?"

"पाणी एवढं आंबट नसतं, शेठ," वृद्ध म्हणाला.

व्यापारी हसला. "असू द्या. माझ्याकडे खोऱ्यातली काळीभोर वाइन आहे, चांगली उन्हात पिकलेली. तीच थोडी मिसळा हिच्यात. नाव या उताराचंच राहू द्या. कुणाला पत्ता लागणार नाही."

"मिसळू या ना, बाबा," शिष्या घाईने म्हणाली. "गेल्या वर्षी थंडीच फार होती. त्याला माझा काय इलाज?"

वृद्ध उठला. काठी टेकत तिला बांधापाशी घेऊन गेला. सूर्य नुकताच डोंगराआड गेला होता. "मातीला हात लाव," तो म्हणाला. माती गार होती. "आता दगडाला."

दगड अजून उबदार होता. तिने दोन्ही तळवे त्यावर ठेवले, आणि बराच वेळ उचलले नाहीत.

"म्हणजे ते माझ्यामुळे झालं."

"दिवसाचं ऊन साठवून ते वेलींना रात्रभर पुरवत होते," एवढेच म्हणून वृद्ध मागे वळला. तळघरात येताच त्याने खडू तिच्या हाती दिला. "लिही. उताराचं नाव, वर्ष, आणि खाली तुझं नाव. आजपासून उतार तुझा."

"या वाइनवर? बाबा, थट्टा करताय माझी?"

"नाही, पोरी. खोऱ्यातली वाइन मिसळली तर चव सुधारेल, पण मग तिच्यात ना हा उतार उरेल, ना तू. एकाच जागेची वाइन करणं म्हणजे त्या जागेनं जे दिलं ते तसंच समोर ठेवणं. जागेत ऊन येतं, थंडी येते, आणि राखणाऱ्याचा हातही येतो. गोड वर्षाखाली कोणीही नाव लिहील. जो आंबट वर्षाखालीही लिहितो, त्याच्याच हाती बाग सोपवावी. तो पुढच्या वर्षी दगड जागेवर ठेवतो."

शिष्येने तिन्ही गोष्टी लिहिल्या.

व्यापाऱ्याने डोके खाजवले. "एक पिंप नेतो. पण गिऱ्हाईक विचारेल, ही अशी का लागते? काय सांगू त्याला?"

उत्तर शिष्येने दिले.

"सांगा, त्या वर्षी या उतारावर दगड नव्हते. मी काढले होते."

मग कोपऱ्यातली टोपली उचलून ती बांधाकडे निघाली. दगड अजून निवले नव्हते.