चावून दिलेला खुळखुळा

एका गावात लाकडाची खेळणी करणारा एक चितारी होता. नाव तुळाजी. लाखेत हळद कालवायची, ती फिरत्या लाकडावर चढवायची आणि केवड्याच्या पानानं घासून चकाकी आणायची, ही त्याची वडिलोपार्जित रीत. मोडकं खेळणं दारात आलं की स्वारी खूश! लाख खरवडून तो पुन्हा वितळवायचा. मोडक्या घोड्याचा भोवरा व्हायचा, फुटक्या भोवऱ्याचे मणी व्हायचे आणि उरलेला भुसा चुलीत जायचा. खुळखुळा मात्र तो गिऱ्हाइकासमोर आधी स्वतः चावून दाखवी. म्हणे, "आधी माझे दात, मग बाळाचे!"

राजाला नातू झाला. बारशाला ज्याचा खुळखुळा सर्वांत देखणा ठरेल तो राजचितारी होणार, अशी दवंडी पिटली गेली. राजचितारी होणं हे तुळाजीचं जन्माचं स्वप्न. त्याला दुसरं काही सुचेना. तेवढ्यात एक व्यापारी लाल रंगाची बरणी घेऊन दारात आला. स्वतःच्या नाकाला फडकं बांधून त्यानं झाकण उघडलं.

"आरशासारखा चमकेल बघा. तासला तरी निघायचा नाही!"

तुळाजी भुलला. त्यानं तोच रंग चढवला.

बारशाच्या दिवशी तो लाल खुळखुळा पाहून अख्खा दरबार 'वा वा' करू लागला. राजानं हात पुढे केला. त्याच्या मांडीवरच्या बाळानं तर आधीच तोंडाचा आ केला होता. तुळाजीनं रीतीप्रमाणे खुळखुळा तोंडाशी नेला आणि त्याला व्यापाऱ्याच्या नाकावरचं फडकं आठवलं. त्यानं खुळखुळा मागे घेतला.

"महाराज, हा द्यायचा नाही."

"का रे?"

"चावायची माझीच छाती होत नाही. बाळाला कुठल्या तोंडानं देऊ?"

हातातोंडाशी आलेला घास गेला, हे तुळाजीला कळत होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी त्यानं झोळीतून आपला साधा पिवळा खुळखुळा काढला, करकचून चावला आणि बाळाच्या मुठीत दिला.

बाळानं तो असा काही चघळला, की लाळेनं आजोबांचा शेला भिजला! राजानं कौतुकानं विचारलं, "लाकूड कुठलं रे हे?"

"आपल्याच खेळण्यातल्या घोड्याचा पाय, महाराज. लहानपणी आपण मोडलात, माझ्या वडिलांनी जपून ठेवला."

राजा पोट धरून हसला. "राजचितारी तूच! माग, आणखी काय हवं?"

"राजवाड्यातली मोडकी खेळणी!"

दुसऱ्याच दिवशी राजघराण्यातल्या पोरांच्या मोडतोडीनं भरलेला गाडा तुळाजीच्या दारात उभा राहिला. तो बघून तुळाजी भर अंगणात नाचला.

तात्पर्य: जे आपण स्वतःच्या तोंडाला लावायला धजत नाही, ते दुसऱ्याच्या हाती देऊ नये. जी वापरताना बाधत नाही आणि मोडल्यावर जिचा कचरा होत नाही, तीच वस्तू खरी देखणी.