राखेने घासलेले कुंड

त्या सकाळी कुंडावर वाकताच उत्पलेच्या डोळ्यांना किंचित झोंबले. एवढेच झाले. पाणी नितळ होते, तळाचा खडा न् खडा दिसत होता; पण वास मात्र न झाडलेल्या गोठ्याचा येत होता.

ही गोष्ट फार पूर्वीची. गोदावरीच्या काठी पोतन नगरात सुबाहू राजा राज्य करीत होता, आणि त्याच नगरातल्या पूर्णक श्रेष्ठीच्या चौकात एका दगडी कुंडात बोधिसत्त्व रोहित म्हणजे रोहू माशाच्या योनीत जन्म घेऊन राहत होता. कुंडात लहान मासे पुष्कळ होते. तो त्या सर्वांचा आजोबा.

उत्पला ही पूर्णकाची नवी सून. भांडे पडले तरी दचकणारी, पाल चुकचुकली तरी उंबऱ्यावर थबकणारी. ती घरात आली तेव्हा सासूबाईंनी, भद्रिकाबाईंनी, कुंडाची देखभाल तिच्यावर सोपवली आणि जाता जाता म्हणाल्या, "शेवाळ फार माजलंय गं त्यात." सहज म्हटलेले बोलणे उत्पलेला कधीच सहज वाटत नसे. तिने मासे हंड्यात काढले, कुंडातले सगळे पाणी उपसले, चुलीतली राख घेऊन दगड न् दगड घासला आणि शेवाळ उकिरड्यावर नेऊन टाकले. विहिरीचे पाणी भरल्यावर कुंड असे चकाकले की शेजारणी म्हणाल्या, "भद्रिकाबाई, सून मिळवलीत खरी!"

काही दिवसांनी पाणी गढुळले. उत्पलेने पुन्हा घासले. पुन्हा गढुळले, पुन्हा घासले. राखेचा हात जितका फिरावा तितके ते पाणी जणू रुसत गेले. आणि आज हा वास.

तिने नीट पाहिले. सगळे मासे पाण्याच्या वरच्या अंगाला येऊन तोंडे उघडमीट करीत होते. त्यांचे कल्ले लाल झाले होते. दोन चिमुकले तर एका कुशीवर कलले होते. ती धावत आत गेली, नदीच्या पाण्याची घागर उचलून आणली आणि सर्वांत आधी म्हाताऱ्या रोहिताला दोन्ही हातांनी धरले. घरात मान त्याचाच होता.

"पोरी, मला खाली सोड," मासा म्हणाला.

उत्पला अशी दचकली की घागर लवंडता लवंडता राहिली.

"घागर लहान आहे," मासा शांतपणे पुढे म्हणाला. "मी एकटा शिरलो की ती भरली. आधी चिमुकल्यांना घे. हे विष त्यांना लवकर चढतं."

"आणि तुम्ही, आजोबा?"

"मी थांबतो."

उत्पलेने त्याला पुन्हा कुंडात सोडले आणि जे सर्वांत मलूल होते ते मासे घागरीत घेतले. तिचे डोळे वाहत होते. "मी तर एवढं स्वच्छ ठेवत होते हो सगळं!"

"तेच झालं ना. दगडांवरच्या त्या बुळबुळीत थरात आमची घाण खाणारे जीव राहत होते. इतके बारीक, की डोळ्यांना दिसायचे नाहीत. ते राखेबरोबर गेले. आता आमचं मलमूत्र आणि उरलेला दाणा पाण्यातच मुरतो, आणि राखेच्या खारानं त्याचं विष आणखी जहाल होतं."

"म्हणजे मीच मारलं तुम्हाला!"

"अजून कोणी मेलं नाही. रडायचं असेल तर नंतर रड, मी ऐकायला आहे. आधी अर्धं पाणी काढ आणि नदीचं घाल. एखाद्या जुन्या तळ्यातले शेवाळलेले दगड आणून आत ठेव, त्यांना राख लावू नकोस. आणि पाणी गोड होईपर्यंत दाण्याचा एक कणही पडू देऊ नकोस."

शेवटचे वाक्य ऐकून उत्पलेने दाराकडे पाहिले. आज पौर्णिमा होती. दर पौर्णिमेला आळीतल्या बायका लाह्यांच्या टोपल्या घेऊन या कुंडाशी येत, आणि एकेक मूठ पाण्यात सोडून पुण्य जोडीत. मासे जितके वर येतील तितके पुण्य मोठे, असा तिथला समज होता.

ती पाणी उपसायला भांडे आणते न आणते तोच दारात बांगड्या किणकिणल्या.

"अगं बाई, बघा बघा, कसे वर आलेत!" पुढे आलेली कंकणा म्हणाली. हिचा आवाज आळीत सर्वांत मोठा. "नव्या सुनेनं उपाशी ठेवलेलं दिसतंय बिचाऱ्यांना!"

"नका टाकू," उत्पला म्हणाली. "ते भुकेले नाहीत. श्वासासाठी वर आलेत."

तिचा आवाज तिलाच धड ऐकू आला नाही. बायका हसत पुढे सरकल्या. "का गं? सगळं पुण्य एकटीच्याच ओटीत घालून घेतेस की काय?" कंकणाने विचारले आणि पहिली मूठ उघडली.

लाह्या पाण्यावर पसरल्या. सवयीने लहान मासे तिकडे वळले.

"आजोबा, दाणा!"

"तोंडं मिटा," बोधिसत्त्व म्हणाला. "हा खाल्लात तर याचंच विष होऊन पुन्हा आपल्या अंगात येईल. न खाता राहिलात तर पाणी बिघडलंय हे कुणाला तरी दिसेल."

"पण भूक लागलीय!"

"मलाही लागलीय रे."

त्याला श्वास पुरत नव्हता, तरी तो लाह्यांच्या अगदी मधोमध जाऊन उभा राहिला. एक लाही त्याच्या ओठांना टेकली. त्याने तोंड फिरवले. दुसरी आली, तिकडूनही फिरवले. ते पाहून लहानग्यांनीही तोंडे मिटली.

उत्पलेने ते पाहिले आणि तिला काय करायचे ते कळले.

"आत्याबाई!"

तिने सासूबाईंना अशी हाक मारली की छपरावरची कबुतरे उडाली. बायका मात्र बोलतच राहिल्या. भद्रिकाबाई आपली टोपली घेऊन कुंडाच्या पलीकडच्या कडेला येऊन उभ्या होत्या आणि त्यांची मूठ पाण्यावर धरलेली होती. घरच्या मालकिणीची मूठ पडली की मग टोपल्याच्या टोपल्या रिकाम्या होणार, हे उत्पलेला ठाऊक होते.

"आत्याबाई, ऐका हो माझं! भुकेला जीव तोंडाशी आलेला घास सोडेल का? त्या म्हाताऱ्याकडे बघा तरी! लाही ओठाला लागतेय आणि तो तोंड फिरवतोय! कुंड मी घासलं, चूक माझी झाली. मला काय बोलायचं ते बोला, पण मूठ उघडू नका!"

"बाई बाई, काय हा कंठ फुटला!" कंकणा म्हणाली. पण या वेळी कोणी हसले नाही. कुंडात लाह्या तरंगत होत्या आणि एकही मासा त्यांना शिवत नव्हता.

भद्रिकाबाई खाली वाकल्या. पाण्याचा वास डोळ्यांना झोंबला तसे त्यांनी डोळे मिटून घेतले. मग पाण्यावर धरलेली मूठ त्यांनी मागे घेतली, लाह्या पुन्हा टोपलीत टाकल्या आणि पदर कमरेला खोचला.

"आले गं, पोरी," त्या म्हणाल्या. "सांग, आधी काय करायचं?"

कथा इथवर सांगून तथागतांनी समोर बसलेल्या संघाकडे पाहिले आणि ते म्हणाले: "ते मासे पुढे त्या कुंडात सुखाने म्हातारे झाले. भिक्षूंनो, त्या वेळची उत्पला म्हणजे आपल्या विहारात नुकतीच आलेली, घंटा वाजली तरी दचकणारी ही श्रामणेरी धर्मरुची. भद्रिका म्हणजे तिची आचार्या थेरी वसुमती. लाह्या घेऊन आलेल्या बायका म्हणजे आपल्या पात्रांत रोज पोटापेक्षा जास्त वाढणारे आपले प्रेमळ उपासक, आणि भूक भूक करणारे ते लहान मासे तुम्हीच होता. तो म्हातारा रोहित मासा मी होतो. पुढ्यात आलेल्या घासासमोर त्या माशाने जिच्या बळावर तोंड मिटून धरले, ती क्षांती, म्हणजे धीराने सोसणे."