समाधीपुढचं गवत

“मंग एवढंच गवत काहून सोडलं गा?”

हिरागीर महाराजांनी हे विचारलं, तेव्हा त्यांच्या शिष्याच्या, विश्रामच्या, हातातला टेंभा विझत आला होता. चेहऱ्यावर मात्र काम फत्ते केल्याचं समाधान होतं.

“तिथे थोरले महाराज आहेत,” तो म्हणाला.

माघ लागला होता. पिपरटोल्याची माणसं दव वाळल्यावर गावाच्या वरच्या अंगाला जमली होती आणि जंगलाच्या कडेचा गवताचा पट्टा जाळत होती. थंडीतच तो काळा करून ठेवला, की वैशाखातल्या वणव्याला गावात उतरायला वाट राहत नाही. टेंभा धरायचा मान मठाचा. यंदा तो विश्रामला मिळाला होता, आणि मान मिळाला की विश्रामची मान आपोआप ताठ होई.

डावीकडचा पट्टा काळा झाला होता. उजवीकडचाही. मधे अंगणाएवढी जागा पिवळीधमक उभी होती, हिरागीर महाराजांच्या गुरूंच्या, थोरल्या महाराजांच्या, समाधीपासून थेट जंगलापर्यंत.

आणि काय ते गवत. बाकी सगळीकडचं गुरांनी चरलेलं, माणसांनी कापलेलं. हे छातीला लागत होतं. विश्राम त्याला विळा लावू देत नसे, गुरांना फिरकू देत नसे. समाधीपुढची काडीसुद्धा आम्ही मोडत नाही, असं तो आल्यागेल्याला सांगे. आम्ही म्हणजे तो एकटाच.

इंदूबाई मडावी जांभळाची हिरवी फांदी घेऊन उभी होती. ठिणगी उडाली तर झोडपायला.

“बुवा,” ती विश्रामला म्हणाली, “माहं घर याच्याच खाली येते.”

गेल्या साली माघात अवकाळी पाऊस झाला, गवत ओलं राहिलं आणि पट्टा जाळायचा राहून गेला. वैशाखात वणवा उतरला. इंदूबाईचा नवरा गोठ्यातली गुरं सोडायला गेला. गुरं बाहेर आली, तो आला नाही. तिनं पावसाळ्याआधी त्याच जागी भिंती उभ्या केल्या. आता त्या घरात ती आणि तिच्या दोन पोरी.

“महाराज, वारा फिरला तं आज नाही होत मंग,” ती हळूच म्हणाली.

हिरागीर महाराजांनी विश्रामकडे पाहिलं.

“लाव.”

“नाही लावणार.”

विश्रामनं टेंभा मागे घेतला.

“ज्यांच्या पायावर रोज फुलं वाहतो, त्यांच्यासमोर आग लावू? मठ सोडून जायला सांगा, जातो. पण हे माझ्या हातून व्हायचं नाही.”

आता महाराज रागावतील असं सगळ्यांना वाटलं. विश्रामला तर तसंच हवं होतं. गुरूनं रागावावं, आपण ताठ उभं राहावं.

महाराज रागावले नाहीत. त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढून इंदूबाईकडे दिली. समाधीपाशी गेले, दगडावर माथा टेकला. मग परत येऊन विश्रामच्या हातातला टेंभा घेतला, फुंकर घालून पेटता केला.

आणि तो समाधीच्या अगदी पायाशी टेकवला. दगड जिथे संपतो आणि गवत सुरू होतं, तिथेच.

विश्रामनं डोळे मिटले.

आग त्यानं गेल्या वैशाखात पाहिली होती. मठात आल्यावरचा तो त्याचा पहिलाच उन्हाळा. गुरुशिष्य नाल्याच्या डबक्यात गळ्यापर्यंत बसले होते, डोक्यावर ओलं कांबळं. डोंगरावरून जे आलं ते पळत्या माणसापेक्षा वेगानं आलं. सागाचे शेंडे पेटत होते आणि इतका मोठा घरघराट होता की शेजारी बसलेल्या महाराजांचं नामस्मरणही ऐकू येत नव्हतं. त्या दिवसापासून चुलीत लाकूड फुटलं तरी त्याच्या छातीत धस्स होई. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं.

तो त्या घरघराटाची वाट पाहत राहिला.

घरघराट आला नाही.

कढईत लाह्या फुटाव्या तसा बारीक आवाज येत होता, एवढंच.

त्यानं डोळे उघडले.

वारा जंगलाकडून समाधीवर येत होता. त्यामुळे ज्वाळा समाधीकडे झुकत होत्या, पण पायापाशी जळायला काही उरलं नव्हतं. म्हणून आग उलटी निघाली होती. वाऱ्याच्या तोंडावर, जंगलाकडे, एकेक काडी संपवत. झुकायची समाधीकडे आणि सरकायची मागे. गाभाऱ्यातून निघताना माणूस देवाला पाठ न दाखवता जातो, तशी.

गुडघ्याएवढीच होती ती. ज्या आगीनं डोंगर खाल्ला, तीच ही... विश्रामच्या अंगावर काटा आला. त्याचे हात आपोआप जोडले गेले.

“धर,” महाराजांनी टेंभा त्याच्यापुढे केला. “दोन्ही कडा राहिल्या.”

त्यानं धरला. तो गवताच्या मुळाशी टेंभा टेकवत जाई आणि मागून इंदूबाईची फांदी धप्‌ धप्‌ पडत राही. कोतवाल पक्षी धुराच्या कडेनं किडे टिपत उडत होते. त्यांना कसलं आलंय भय.

ऊन कललं. गारठा उतरू लागला, तशी आग आणखी बुटकी झाली. जंगलाच्या कडेला गाडीवाट लागली, आणि तिथे ती निमूट विझली.

समाधी होती तशीच होती. खालच्या पायरीला तेवढी काजळी लागली होती.

इंदूबाईनं फांदी खाली ठेवली आणि त्या कोमट पायरीवर डोकं टेकवलं. बराच वेळ ती उठली नाही. उठली तेव्हा तिनं खाली आपल्या घराच्या कौलांकडे पाहिलं.

“आज झोप लागन,” ती म्हणाली, घोंगडी महाराजांना दिली आणि उतार उतरू लागली.

ती दिसेनाशी होईपर्यंत विश्राम बघत राहिला. मग काळ्या जमिनीवर तसाच गुरूच्या पायाशी बसला.

“महाराज... मी भक्ती म्हणून नाही ठेवलं ते गवत. म्हणजे, भक्ती होती. पण टेंभा टेकवायची वेळ आली आणि मला तो वैशाख आठवला.”

“ठाऊक हाय.”

“तुम्ही माझ्याशेजारीच होता त्या पाण्यात. सगळं पाहिलंत. आणि आज आपल्या हातानं गुरूच्या पायाशी आग ठेवलीत...”

महाराज घोंगडी अंगावर ओढून घेत होते.

“तुम्हाला तिची भीती नाही वाटत?”

“लय वाटते गा,” हिरागीर महाराज म्हणाले. “म्हणून तं तिले थंडीत बोलावतो.”